बुजऱ्या पाखरांची जवळून छायाचित्रे

पाखराचे छायाचित्र घ्यावयाचे तर प्रथम ते जागेवर राहिले पाहिजे, आणि ते राहात नाही, हीच या कलेतील मुख्य अडचण होय. फुलाचे चित्र घेणारास वारा पडण्याची तेवढी वाट पाहावी लागते. डोंगर तर आपल्या जागी बसूनच असतो. पाखराची गोष्ट निराळी. आपण त्यास ज्या क्षणी पाहतो त्याच्या कितीतरी अगोदर त्याने आपणांस पाहिलेले असते, आणि कॅमेरा डोळ्यापर्यंत जातो न जातो तोच त्याने आपल्याविषयी आपले मत बनवून माळाचा दुसरा कोपरा गाठलेला असतो.

आमच्या निसर्गमंडळातील विद्यार्थ्यांकडून, आणि अलीकडे त्यांच्या वडिलांकडूनही, आम्हांस वारंवार विचारले जाते की, अशी छायाचित्रे घेण्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा आणि त्यास किती रुपये पडतील. प्रश्न रास्त आहे. भिंगांच्या किमती ऐकल्या म्हणजे संसारी मनुष्याने तो विचारलाच पाहिजे. परंतु पैसे मोजण्यापूर्वी आणखी एका गोष्टीचा विचार व्हावा, तो असा की, पाखराच्या जवळ जावयाचे कसे, आणि आपण जवळ गेल्याने त्या पाखराचे काय होते. या लेखाचा विषय तोच आहे.

आधी थोडे गणित. टिटवी आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. चोचीपासून शेपटीपर्यंत ती सुमारे ३३ सेंटिमीटर भरते. ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच चौकटीच्या कॅमेऱ्यास ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लावले आणि टिटवी ३० मीटरांवर उभी असली, तर चौकटीत तिची प्रतिमा साडेचार मिलिमीटरांहूनही किंचित लहान, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी पडते. तीच टिटवी ८ मीटरांवर आली की प्रतिमा साडेसोळा मिलिमीटरांची होते. लांबी पावणेचारपट वाढली, तर क्षेत्रफळ चौदापट वाढले. पिसांची रेघ, डोळ्याभोवतीचे तांबडे कडे, चोचीच्या टोकाचा काळेपणा हे सारे त्या चौदापटीत असते. मोबाइलचे मुख्य भिंग याच हिशोबाने साधारणतः २६ मिलिमीटरांचे धरावे लागते. त्यात ३० मीटरांवरची टिटवी चौकटीच्या उंचीच्या ऐंशीव्या हिश्श्याहूनही लहान येते. मुले मग बोटांनी चित्र ताणून मोठे करतात आणि टिटवीऐवजी करड्या चौकोनांची गोधडी पाहात बसतात.

कोणी म्हणेल, मग अधिक लांब भिंग घ्यावे. घेता येते, पण त्याने सर्व काही साधत नाही. आमच्या दख्खनच्या माळावर उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहा वाजल्यापासून जमिनीलगतची हवा तापून थरथरू लागते. त्या थरथरत्या हवेचे जितके मीटर भिंगाच्या व पाखराच्या मध्ये येतील तितके चित्र विरघळते, आणि भिंग कितीही मोलाचे असले तरी त्याचा येथे उपाय चालत नाही. शिवाय लांब भिंगात हाताचा कंपही तितकाच मोठा होतो. ४०० मिलिमीटरांचे भिंग हाती धरले तर शटर सेकंदाच्या चारशेव्या भागाहून मंद ठेवू नये, असा जुना ठोकताळा आहे. अलीकडील कॅमेऱ्यांत कंप शोषून घेण्याची योजना असते हे खरे; परंतु टिटवीनेच मान हलविली तर त्या योजनेने काय करावे? तात्पर्य, अंतर कमी करणे हाच मुख्य उपाय उरतो, आणि तो दुकानात विकत मिळत नाही.

पाखरू बुजते कशाने, हे समजल्यावाचून अंतर कमी होणार नाही. बहुतेक पाखरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. मनुष्यास मान न वळविता सुमारे २०० अंशांचा परिसर दिसतो. कबुतरास ३०० अंशांहून अधिक दिसतो. वुडकॉक नावाचा पक्षी तर जमिनीवर बसल्या जागी आपल्या पाठीमागेही पाहतो. तेव्हा ‘मागून हळूच जावे’ हा मुलांचा आवडता बेत मुळातच फसलेला असतो. पाखरास पाठीमागची बाजू जवळजवळ नसतेच.

तथापि पाहणे आणि भिणे ही एक नव्हेत. म्हशीच्या पायाशी चालणारा गायबगळा म्हशीचे खूर आपल्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडू देतो, आणि त्याच रानात मनुष्य शंभर पावलांवर दिसला की पंख उघडतो. नदीच्या ज्या घाटावर बायका रोज धुणे धुतात तेथे ढोकरी पाच-सहा हातांवर निवांत उभी असते. तीच ढोकरी जेथे फासे लावले जातात त्या तळ्यावर दुरूनच निघून जाते. प्रत्येक पाखरापाशी जणू एक मोजपट्टी असते. अमुक आकृती अमुक अंतरावर आली म्हणजे उडावयाचे, हे त्याने अनुभवाने किंवा वंशपरंपरेने ठरविलेले असते. पक्ष्यांचे अभ्यासक हे पलायनाचे अंतर खरोखरीच पावलांनी व फितीने मोजतात. त्यांस असे आढळले आहे की, सामान्यतः मोठ्या अंगाचे पक्षी लहानांपेक्षा लांबूनच उडतात, शहरातील पाखरे त्याच जातीच्या रानातील पाखरांपेक्षा माणसास अधिक जवळ येऊ देतात, आणि सरळ रोखाने चाल करून येणाऱ्यापेक्षा तिरक्या वाटेने जाणाऱ्याची धास्ती बहुधा कमी घेतात. माणसाची नजर आपल्यावर आहे की दुसरीकडे, हेही कावळ्याच्या कुळातील पक्ष्यांस कळते असे प्रयोगांवरून दिसून आले आहे. यावरून सर्व विद्येचे सूत्र निघते. पाखरू भिते ते दोन पायांवर उभ्या, चालत्या, रोखून पाहणाऱ्या आकृतीस. ती आकृती नाहीशी केली की बरेचसे भय नाहीसे होते.

हे सूत्र प्रथम कसोशीने अमलात आणणारे दोघे भाऊ इंग्लंडातील यॉर्कशर परगण्याचे होत. थ्वेट नावाच्या डोंगराळ खेड्यात रिचर्ड कर्टन १८६२ साली व धाकटा चेरी कर्टन १८७१ साली जन्मला. रिचर्ड लहानपणीच्या अपघाताने एका पायाने कायमचा अधू झालेला होता. तरी दोघांनी मिळून कडे, दलदली व बेटे यांतून जी भटकंती केली ती धडधाकट मनुष्यानेही कौतुक करावे अशी आहे. १८९२ च्या एप्रिल महिन्यात चेरीने थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे, आतील अंड्यांसह, छायाचित्र घेतले, आणि त्यावरून रिचर्डच्या मनात असे आले की, पक्ष्यांवरील पुस्तकांत चित्रकाराच्या कल्पनेऐवजी प्रत्यक्ष निसर्गातील छायाचित्रे का असू नयेत? १८९५ साली घरट्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले, त्यातील सारी चित्रे अशीच होती. त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, आणि फिल्मऐवजी काचेच्या पट्ट्या. प्रत्येक चित्रास एक काच. पेटीचे व काचांचे ओझे पाठीवर. एखादी काच फुटली की तो दिवस गेला. उंचावरील घरट्यापर्यंत पोहोचण्यासाठी एक भाऊ दुसऱ्याच्या खांद्यांवर उभा राहून कॅमेरा चालवी.

परंतु घरटे स्थिर असते, पाखरू नसते. म्हणून या बंधूंनी लपण्याच्या नाना युक्त्या काढल्या. पोकळ झाडाचे खोड त्यांनी बनविले, बनावट खडक बनविला, मेंढीचे सोंग उभे केले. आणि १९०० च्या सुमारास तर बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैलच तयार करविला. पोटात मनुष्य वाकून उभा राही आणि पुढील बाजूस ठेवलेल्या भोकातून भिंग बाहेर पाही. कुरणातील पाखरांस बैलाची सवय असल्याने ती त्याच्या आसपास निर्धास्त वावरत. एकदा तो बैल आतल्या माणसासकट कोलमडला. चारी पाय आकाशाकडे करून पडलेल्या त्या बैलाचेही छायाचित्र राहिले आहे, आणि ते पाहून हसू आवरत नाही. आमच्या वाचकांस हा बैल परका वाटू नये. बैलगाडीच्या आडाने माळढोकाच्या जवळ जाण्याची युक्ती आपल्याकडील शिकाऱ्यांस ठाऊक होती. एरवी माळढोक मैलभर मैदान ओलांडून निघून जाई, पण रस्त्याने कुरकुरत जाणाऱ्या गाडीकडे तो फारसे लक्ष देत नसे. एका देशात बैलाच्या आडून बंदूक गेली, दुसऱ्यात बैलाच्या पोटातून भिंग गेले. माळढोकासाठी १९७९ साली सोलापुराजवळ नान्नजच्या माळावर अभयारण्य झाले, तरी आज सर्व देशात मिळून हा पक्षी दोनशेही उरलेला नाही.

बैलाचे कातडे पुढे कोणी वापरले नाही, कारण इतके सोंग लागतच नाही असे अनुभवाने कळून आले. साध्या कापडाचा चौकोनी तंबू, मात्र तो हलला नाही पाहिजे, पाखरांस दोन-चार दिवसांत दगडाधोंड्यासारखाच वाटू लागतो. आपल्याकडे यास लपण म्हणतात, आणि आम्हीही तोच शब्द वापरतो.

लपणातून काय साधते याचे एक उदाहरण आम्हांस फार आवडते. बगळ्याच्या कुळातील बिटर्न हा पक्षी इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दलदली आटविल्यामुळे व शिकारीमुळे वीण करीनासा झाला होता. नॉर्फक परगण्यातील हिकलिंग येथील पाणथळीत एमा टर्नर नावाच्या बाई होडीतील घरात राहून पक्ष्यांची छायाचित्रे घेत असत. १९११ साली तेथील रखवालदारासह शोध घेताना त्यांस बिटर्नचे पिलू सापडले, आणि त्यांनी त्याचे छायाचित्र घेतले. बिटर्न पुन्हा आपल्या देशी घरटे करू लागला, याचा तो पुरावा ठरला. वेताच्या गर्दीत चोच आकाशाकडे करून उभे राहिले की हे पाखरू वेतच होऊन जाते. त्यामुळे ‘पाहिले’ असे नुसते सांगून कोणी विश्वास ठेवला नसता. पूर्वी असा पुरावा देण्यास पक्षी मारून आणावा लागे.

आपल्या देशातही या कलेचा इतिहास लहान नाही. रेल्वेत नोकरी करणारे लोदर यांचे हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या छायाचित्रणावरील पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईचे डॉ. सालिम अली यांच्या पक्षिनिरीक्षणाच्या प्रवासांत त्यांचे मित्र लोक वान थो हे सिंगापूरचे धनिक गृहस्थ कॅमेरा घेऊन सामील होत. मद्रासचे मा. कृष्णन यांनी तर आयुष्यभर कृष्णधवल चित्रेच घेतली. या मंडळींची चित्रे पाहिली म्हणजे असे वाटते की, घाई नावाची वस्तू त्यांच्या सामानात नसावी.

आता लपण करावयाचे कसे ते सांगतो. बाजारात तयार तंबू मिळतात. परंतु शाळेच्या मुलांस चार बांबू, सुतळी व गोणपाट पुरे. लांबीरुंदी चार-चार फूट, उंची बसून काम करावयाचे असल्यास साडेचार फूट. गोणपाट ताणून बांधावे. कोपऱ्याशी सैल राहिलेले एक टोक वाऱ्याने फडफडू लागले की सर्व खटाटोप व्यर्थ जातो. पाखरू स्थिर पर्वतास भीत नाही, पण हलत्या चिंधीस भिते. पाठीमागचे दार पूर्ण बंद होईल असे करावे, कारण मागून उजेड आला तर आत बसलेल्या माणसाची सावली समोरच्या छिद्रातून हलताना दिसते. आतील माणसाने पांढरा सदरा घालू नये. भिंगासाठी एक छिद्र, पाहण्यासाठी त्याच्या वर दुसरे लहान छिद्र, आणि त्यावर पातळ जाळी. जमिनीवरील पाखरांसाठी भिंगाचे छिद्र शक्य तितके खाली ठेवावे. पाखराच्या डोळ्याच्या उंचीवरून घेतलेल्या चित्रात पाखरू आपल्या जगात उभे दिसते. उभ्या माणसाच्या उंचीवरून घेतलेल्यात ते चिखलावर पडलेल्या वस्तूसारखे दिसते.

लपण प्रथम इच्छित जागेपासून बरेच दूर, चाळीस-पन्नास पावलांवर उभारावे आणि दिवसाआड काही पावले पुढे न्यावे. न्यावयाचे ते पाखरू तेथे नसताना. पुढे नेल्यावर दुरून दुर्बिणीने पाहावे. पाखरू पूर्वीच्याच जागी येऊन पूर्वीसारखे खाऊ-पिऊ लागले तर ठीक. मान उंच करून थबकले, ओरडले, फेऱ्या घालू लागले, तर लपण पुन्हा मागे. या कामी पाखराचे मत अखेरचे समजावे. भिंगाच्या छिद्रात पहिल्या दिवसापासून काळ्या बुडाची रिकामी बाटली किंवा डबा आडवा बसवून ठेवण्याची जुनी पद्धत फार उपयोगाची आहे. त्या चकाकत्या गोल डोळ्याची पाखरास सवय होते, आणि पुढे बाटलीच्या जागी खरे भिंग आले तरी त्यास फरक जाणवत नाही.

आणखी एक गंमत आहे. लपणात एकटे शिरलेल्या माणसास पाखराने पाहिले असेल तर ते तासन्‌तास जवळ येत नाही. म्हणून दोघांनी बोलत-बोलत लपणापर्यंत जावे, एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने उघडपणे, हात हलवीत, निघून जावे. बहुतेक पाखरे संकट टळले असे मानून परततात. यावरून पाखरांस अंकच कळत नाहीत असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. प्रयोगशाळेत कबुतरांनी व कावळ्यांनी लहान संख्यांच्या परीक्षा दिलेल्या आहेत, आणि कावळ्याच्या बाबतीत आमची ही युक्ती भरवशाची नाही. टिटवीच्या बाबतीत ती चालते.

टिटवीविषयी आता अधिक लिहिले पाहिजे, कारण गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाने तिच्यावरच हात बसविला. माळावरचे सर्वांत बुजरे पाखरू कोणते असे विचारल्यास आम्ही टिटवीचे नाव घेऊ. दिवस असो, रात्र असो, कोणी आले की ती सर्वांआधी ओरडते, आणि तिच्या ओरडण्याने इतर सारी पाखरेही सावध होतात. रात्री टिटवी ओरडली तर घरात काही वाईट घडते, असे अजूनही पुष्कळ घरी मानतात. खरे पाहता रात्री ती ओरडते ती कोल्हा, मांजर किंवा चोर यांस पाहून. तेव्हा तिचे आभारच मानावयास हवेत. पंचतंत्रात समुद्रकिनारी अंडी घालून समुद्राशी भांडणारे टिट्टिभाचे जोडपे आहे. त्या कथाकाराने पाखरू नीट पाहिले होते असे आमचे मत आहे, कारण उघड्यावर अंडी घालणे आणि बलाढ्याशी भांडणे हे दोन्ही टिटवीचे अस्सल गुण होत.

टिटवी घरटे बांधीत नाही. खडकाळ जमिनीत उथळ खळगा, भोवती थोडे खडे, त्यात बहुधा चार अंडी. रंग असा की दोन पावलांवरूनही दिसू नयेत. शाळेच्या मागील पटांगणाच्या पलीकडे, जेथे खडी पसरलेली आहे, तेथे मार्चअखेर मुलांस अशी चार अंडी दिसली. दुसऱ्याच दिवशी इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, घरटे तर आयतेच पुढ्यात आहे. तेथेच लपण लावू या ना? ती अंड्यांवर बसावयास आलीच पाहिजे.”

त्याचे म्हणणे तर्काने बरोबर होते, आणि पूर्वीचे सर्व थोर छायाचित्रकार, कर्टन बंधूंसह, हेच करीत आले. घरटे हे पाखराचे एक असे ठिकाण आहे की जेथे ते भीती गिळूनही परत येते. आमची हरकत त्या ‘भीती गिळून’ या दोन शब्दांना होती. एप्रिलच्या दुपारी आमच्या माळावरील उघड्या जमिनीस हात लावता येत नाही. तिची उष्णता ५० अंशांच्या वर जाते. अंड्यातील उष्णता चाळिशीच्या फार वर चढली तर आतील जीव जगत नाही. म्हणून टिटवी दुपारी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठी. नर व मादी आळीपाळीने हे काम करतात. आपण लपण घेऊन पुढे सरकलो आणि ती दोघे घिरट्या घालीत ओरडत राहिली, तर आपल्या घड्याळाची पंधरा-वीस मिनिटे त्या चार अंड्यांचे सारे आयुष्य ठरू शकतात. आपण मात्र सायंकाळी घरी जाऊन जेवतो, आणि तेथे काय झाले ते आपणांस कळतही नाही. शिवाय कावळे मोठे हुशार असतात. माणसे वारंवार कोठे वाकून पाहतात, हे ते दुरून टिपून ठेवतात.

कायद्याचेही असेच म्हणणे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांस इजा करणे आणि अंडी किंवा घरटी यांस उपद्रव देणे यांचा समावेश केलेला आहे. हे आम्ही त्या विद्यार्थ्यास सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “मग फोटो कसा मिळणार, सर?”

उत्तर टिटवीनेच दिले. तिच्यावर दुरून नजर ठेवण्याचे काम मुलांनी वाटून घेतले होते. शाळेच्या व्हरांड्यातून, दुर्बिणीने. वहीत वेळा नोंदविल्या जात. तीन-चार दिवसांच्या नोंदींवरून असे दिसले की, अकरा वाजल्यानंतर पाळी बदलताना येणारे पाखरू सरळ अंड्यांकडे न येता पाझर तलावाच्या बाजूने येते. तेथे ते काय करते, हे पाहण्यास दोन मुले बांधावर जाऊन बसली. टिटवी कडेच्या उथळ पाण्यात उतरे, पोट पाण्यात टेकवी, एकदा, दोनदा, पुष्कळदा. जणू अंघोळीस बसली आहे, पण पाठीवर पाणी घेत नसे. मग पोटाची पिसे ओली ठेवून ती उडे आणि तशीच जाऊन अंड्यांवर बसे. उन्हाळ्यात अंडी थंड ठेवण्याची ही टिटवीची रीत शास्त्रज्ञांनी नोंदवून ठेवलेली आहे. आमच्या मुलांनी ती पुस्तकात वाचण्यापूर्वी पाहिली, याचा आम्हांस आनंद वाटतो.

तेव्हा लपण लागले ते तलावाच्या कडेस, अंड्यांपासून दोनशेहून अधिक पावलांवर. टिटवी पोट भिजविते ती जागा ठराविक होती. पहिले दोन दिवस लपण दूर. नंतर बांधाच्या आडोशाने पुढे. आठव्या दिवशी ते पाण्यापासून सात मीटरांवर आले. मधल्या एका दिवशी टिटवी पाण्याजवळ येऊन थबकली, डोके दोन-तीन वेळा झटक्याने वरखाली केले आणि पाण्यात न उतरता दुसऱ्या कडेस गेली. त्या संध्याकाळी लपण दहा पावले मागे घेण्यात आले. मुलांस ते जड गेले, पण त्यांनी ते केले.

आत बसण्याची पाळी आली तेव्हा खरा धडा सुरू झाला. एप्रिल महिना, गोणपाटाची खोली, आत एक स्टूल, पाण्याची बाटली, तिवईवर कॅमेरा आणि मुंग्या. कागदात बांधलेला खाऊ नेण्यास आम्ही मनाई केली होती, कारण कागद वाजतो. एका मुलाने पहिल्या तासात कुजबुजत सहा वेळा वेळ विचारली. दुसऱ्या तासात तो शांत झाला, कारण धोबी येऊन लपणाच्या पायाशी शेपटी हलवीत किडे वेचू लागला होता, आणि एक शेकाट्या आपल्या गुलाबी काटक्यांसारख्या पायांनी चौकटीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून गेला. ज्यांच्यासाठी आपण आलो नाही तीच पाखरे प्रथम येतात, हा लपणाचा नियमच आहे, आणि आमच्या मते लपणातील अर्धे सुख त्यांच्याकडूनच मिळते. टिटवी आली ती पावणेबाराला. मुलाने एकदम बटण दाबले नाही. सांगितल्याप्रमाणे तिला पाण्यात उतरू दिले, पोट टेकवू दिले, आणि मग दाबले. जुन्या कॅमेऱ्याचे शटर खट्‌कन वाजते. पहिल्या आवाजास टिटवीने मान वर केली, दुसऱ्यास अर्धी, तिसऱ्यास केलीच नाही. अलीकडील काही कॅमेऱ्यांत आवाज मुळीच होत नाही, ही मोठीच सोय म्हटली पाहिजे. फ्लॅश मात्र वापरू दिला नाही. बाहेर कोणी येऊन हाक मारीपर्यंत आतील मुलाने निघावयाचे नाही, हाही नियम होता. पाखरासमोर तंबूतून मनुष्य निघाला की आठ दिवसांची कमाई आठ क्षणांत जाते.

अंड्यांची हकीकत पालकांनी विचारली होती म्हणून लिहितो. चारांपैकी तीन फुटली. चौथे तसेच राहिले. पिले बाहेर पडून अंग वाळताच चालू लागली, आणि दुसऱ्या दिवसानंतर ती आम्हांस खड्यांत पुन्हा दिसली नाहीत. आईबापांचे ओरडणे महिनाभर चालू होते, त्यावरून ती कोठेतरी होती असे समजावे.

याच्या उलट एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घाटाखालच्या एका ओढ्याशी स्वर्गीय नर्तकाचे घरटे होते. हा पक्षी वाटीएवढे घरटे करतो, आणि नराच्या शेपटीची पांढरी लांब पिसे घरट्याबाहेर फितींसारखी लोंबतात. चित्र घेणारास यापेक्षा मोहाचे काय असावे? कोणी हौशी मंडळी बाहेरगावाहून आली आणि मध्ये येणाऱ्या डहाळ्या त्यांनी कात्रीने छाटून टाकल्या. चित्रे सुरेख आली असतील. आम्ही चार दिवसांनी तेथे गेलो तेव्हा घरट्यावर भर दुपारचे ऊन पडले होते आणि ते रिकामे होते. छाटलेली पाने खाली तशीच पडलेली होती. अशा चित्रांस आता पुष्कळ स्पर्धांतून मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. पाखराच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर वाजवून त्यास बाहेर काढण्याची चालही याच जातीची समजावी. प्रतिस्पर्धी आला असे समजून बिचारे पाखरू वीण सोडून भांडावयास धावते, आणि प्रतिस्पर्धी नसतोच.

घरट्याजवळ जाण्यात माणसासही धोका असतो. एरिक हॉस्किंग हे इंग्लंडातील विसाव्या शतकातील नामांकित पक्षिछायाचित्रकार. १९३७ साली रात्री घरट्याजवळील लपणाकडे चढत असता घुबडाने झडप घातली, त्यात त्यांचा डावा डोळा गेला. ते त्या घुबडावर रागावले नाहीत, आणि पुढे कित्येक दशके एका डोळ्याने चित्रे घेत राहिले.

लपण बांधण्याची सवड ज्यांस नाही त्यांच्यासाठी चालती लपणे आहेत. रस्त्याच्या कडेस तारेवर बसलेला कोतवाल किंवा वेडा राघू मोटारीस भीत नाही. काच खाली करून, इंजिन बंद करून आतूनच चित्र घ्यावे. दार उघडून पाय जमिनीस लागला की तीच मोटार त्याच्या दृष्टीने माणूस होते. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी व पट्टकदंब हंस उतरतात. तेथे मासेमारांच्या होड्यांची त्या पाखरांस सवय असल्याने, होडीत खाली बसून, नावाड्यास संथपणे तिरके नेण्यास सांगितले तर बरेच जवळ जाता येते. थव्यात होडी घुसवून सारे रोहित एकदम उडवून घेण्याचा हट्ट काही प्रवासी नावाड्यापाशी धरतात. दूर देशाहून आलेल्या आणि चिखल गाळून पोट भरणाऱ्या पाखरांस दिवसातून दहा वेळा उडविणे म्हणजे त्यांच्या तोंडचा घास काढणे होय. नावाडीदादा बहुधा नकोच म्हणतात. पैशाचा आग्रह त्यांस आपण करू नये.

आणि कॅमेऱ्याच्या किमतीचा मूळ प्रश्न? मंडळाची बहुतेक चित्रे दुसऱ्या हाताने घेतलेल्या, सात-आठ वर्षे जुन्या कॅमेऱ्यावर व ३०० मिलिमीटरांच्या भिंगावर घेतलेली आहेत. सात मीटरांवरच्या टिटवीस ते पुरले. ज्या पालकांस खर्च करावयाचाच आहे त्यांनी प्रथम मुलास एक बरी दुर्बीण घेऊन द्यावी, असे आम्ही सुचवू. वर्षभर तिने पाहिल्यानंतर भिंग कोणते हवे ते मुलगा किंवा मुलगी स्वतःच सांगेल.

लपण काढतानाही घाई करू नये. काम संपल्यावर ते एक-दोन दिवस रिकामे ठेवावे, आणि सायंकाळी, पाखरे पाण्यावरून गेल्यावर, काढून घ्यावे. बांबूंचे खड्डे बुजवून टाकावेत. मंडळाचे गोणपाट, बांबू व काळ्या बुडाची बाटली ही विज्ञानशाळेच्या माळ्यावर ठेवलेली आहेत. दिवाळीच्या सुटीनंतर पाझर तलावावर थंडीचे पाहुणे येऊ लागतील, तेव्हा ज्यांस लपण हवे त्यांनी आठ दिवस अगोदर आपले नाव, जागा व कोणत्या पाखरासाठी हवे ते वहीत लिहून ठेवावे.